जखडलेल्या जबड्याचे पॅकेज पंधराव्या दिवशी संपू नये : राज्य आरोग्य हमी सोसायटीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

प्रत : मा. आयुक्त, आरोग्य सेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, राज्य कार्यालय

विषय : लहान मुलांचा जखडलेला जबडा – शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम व पाठपुरावा पॅकेजमध्ये आणणे, आणि शाळा तपासणीत तोंड मोजणे याबाबत

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्यामुळे जबड्याचा सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया अशा घरांपर्यंत पोचली आहे, जिथे तिचा खर्च कधी झेपलाच नसता. हे आधी मोकळेपणाने नोंदवतो. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. या आजारात मुलाचे तोंड ऑपरेशन टेबलावर उघडते, पण ते उघडे राहते की नाही हे पुढच्या सहा ते बारा महिन्यांत ठरते. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये मात्र सुट्टीनंतरचे १५ दिवसच धरलेले आहेत. पंधराव्या दिवशी या मुलाचे टाके नुकते निघालेले असतात आणि खरी ओढाताण सुरू व्हायची असते.

ज्यांच्या टेबलावर हे प्रस्ताव प्री-ऑथसाठी (पूर्वमंजुरीसाठी) येतात त्यांनी प्रत्येकाने असे मूल पाहिलेले असेलच असे नाही, म्हणून आजाराबद्दल थोडे. मूल तीन-चार वर्षांचे असताना ओट्यावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडते. हनुवटी फुटते, टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन होते, घरी पाठवले जाते. मार मात्र हनुवटीत थांबलेला नसतो. तो जबड्याच्या हाडातून वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. मोठ्या माणसाच्या जबड्याच्या हाडाची सांध्यालगतची मान बारीक असते, ती मोडते. लहान मुलाची मान आखूड आणि जाड, वरचे डोके रक्ताने भरलेले, बाहेरचे कवच पातळ; ते मोडण्याऐवजी चेंगरते. सांध्याच्या पिशवीत रक्त साठते, त्यात हाडाचा चुरा असतो, मधली चकती जागची हललेली असते. दुखते म्हणून मूल तोंड हलवत नाही, आणि न हललेल्या त्या रक्तात हळूहळू हाड धरते. दुसरे कारण कानाचे. वाहत्या कानातला पू शेजारच्या सांध्यात उतरला की शेवट तोच. प्रतिजैविके वेळेवर मिळतात त्या देशांत ही वाट जवळजवळ बंद झाली. आपल्याकडे अजून चालू आहे.

घरचे म्हणतात, ‘दातखीळ बसली.’ शब्द चांगला आहे, पण त्याने धनुर्वाताचा समज होतो आणि वेळ जातो. काही महिन्यांत भाकरीचा तुकडा आत जाईनासा होतो, मग बोट, मग ब्रश. मूल पेज आणि डाळीच्या पाण्यावर येते. एकीकडचाच सांधा जखडला असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते. इथे नवखा डॉक्टर हमखास फसतो, कारण रोगट बाजू गुबगुबीत दिसते आणि निरोगी बाजू सपाट, लांबट. दोन्ही सांधे गेले तर जबडा वाढतच नाही, हनुवटी गळ्यात शिरल्यासारखी दिसते, जीभ मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते. असे मूल रात्री घोरते, मधेच श्वास थांबून दचकून उठते, पुष्कळदा बसूनच झोपते. उलटी झाली तर ती बाहेर यायला जागा नसते, हा धोका तर वेगळाच.

आता शस्त्रक्रियेकडे. ती कुठे चुकते हे कळले तर आमच्या मागण्या का आहेत ते कळेल.

पहिली अडचण भुलेची. तोंड उघडत नाही, त्यामुळे नळी नेहमीच्या वाटेने जात नाही. मूल स्वतःचा श्वास घेत असतानाच, नाकातून लवचीक दुर्बीण घालून तिच्यावरून नळी सरकवायची. नळी बसण्याआधी स्नायू ढिले करणारे औषध दिले आणि नळी गेली नाही, तर श्वास द्यायला दुसरा रस्ता उरत नाही. म्हणून गळ्यातून श्वासमार्ग करण्याची तयारी मांडून ठेवूनच सुरुवात होते. ज्या रुग्णालयात मुलांच्या मापाची लवचीक दुर्बीण आणि ती हाताळणारा भूलतज्ज्ञ नाही, त्याला हे पॅकेज मंजूर होऊ नये. रुग्णालयाला योजनेत घेण्याच्या (अंगीकरणाच्या) अटींत ही एक ओळ घालायला पैसा लागत नाही.

छेद कानापुढे, वर केसांत वळवलेला. भुवई उचलणारी मज्जातंतूची फांदी कानाच्या छिद्राच्या पुढच्या कडेपासून ८ ते ३५ मिमीच्या पट्ट्यात कुठेही गालाच्या हाडाची कमान ओलांडते. ती वरच्या पापुद्र्यात सुरक्षित ठेवून खालून जायचे असते. नीट केले तरी ओढ बसून भुवई काही महिने लुळी राहू शकते, बहुतेकांची परत येते. पालकांना हे आधी सांगितलेले नसेल, तर ‘ऑपरेशनने तोंड वाकडे केले’ म्हणून ते फेरतपासणीला येणेच बंद करतात आणि व्यायामही तिथेच थांबतो.

मग हाड. कवटी आणि जबडा यांच्यामध्ये जमलेला हाडाचा गोळा काढून किमान १० ते १५ मिमीची मोकळी जागा करायची असते, आणि ती बाहेरून आतपर्यंत सारखी रुंद हवी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गोळा आतल्या बाजूला खोल गेलेला असतो आणि त्याच्या मागेच जबड्याची मोठी धमनी धावते. रक्तस्रावाच्या धास्तीने आतला भाग राखला जातो. बाहेरून फट १५ मिमी, आत गेल्यावर ४ मिमी, अशी पाचरीसारखी जागा उरते. एक्स-रेत ती छान दिसते. आतल्या टोकाला हाडाला हाड भिडायला मात्र फार दिवस लागत नाहीत. म्हणून आधीचा सीटी स्कॅन त्रिमितीय हवा, समोरून घेतलेल्या कापांसह; साध्या एक्स-रेवर या शस्त्रक्रियेला मंजुरी देणे म्हणजे डोळे झाकून हो म्हणणे.

फट झाली तरी तोंड उघडेलच असे नाही. वर्षानुवर्षे न ताणलेला कानशिलाचा स्नायू आखडलेला असतो आणि तो जबड्याच्या ज्या पुढच्या टोकाला धरतो ते टोक लांबलेले असते. त्या बाजूचे टोक कापून काढायचे आणि पट्टी लावून मोजायचे. जोर न लावता वरच्या-खालच्या पुढच्या दातांत ३५ मिमी आले पाहिजेत. नाही आले तर निरोगी बाजूचेही टोक काढायचे. हा क्रम १९९० साली अमेरिकी शल्यचिकित्सक काबान आणि सहकाऱ्यांनी मांडला, आणि जगभर तो थोड्याफार फरकाने पाळला जातो. ‘टेबलावर २५ आले, बाकीचे व्यायामाने येईल’ हे वाक्य ऑपरेशनच्या नोंदीत दिसले, की पुढचे ऑपरेशन तिथेच ठरलेले असते. जे टेबलावर भूल दिलेली असताना उघडले नाही ते जागेपणी, दुखत असताना उघडणार नाही.

मोकळ्या जागेत काहीतरी भरावे लागते, नाहीतर रक्त आणि पुन्हा हाड. जुनी चकती आतल्या बाजूला शाबूत सापडली तर तीच ओढून बसवावी. एरवी कानशिलाच्या स्नायूची पट्टी किंवा पोटाची, गालातली चरबी. जबड्याची गेलेली उंची भरून काढायला बरगडीचा तुकडा त्याच्या कूर्चेसह (टोकाच्या मऊ हाडासह) लावतात. कूर्चेची टोपी ३-४ मिमीच ठेवायची. जास्त ठेवली तर ती बेसुमार वाढते आणि काही वर्षांनी हनुवटी उलट्या बाजूला सरकते. बरगडी काढल्यावर जखमेत सलाइन ओतून भूलतज्ज्ञाला फुप्फुस फुगवायला सांगायचे. बुडबुडे आले तर फुप्फुसाचे आवरण फाटले आहे. अर्ध्या मिनिटाची चाचणी, पण ती राहून गेली तर रात्री वॉर्डात श्वास लागलेले मूल.

ज्यांची हनुवटी खूप मागे आहे आणि झोपेत श्वास अडतो, त्यांचा क्रम उलटा असतो. आधी जबडा लांब करायचा. हाड कापून त्यावर स्क्रूचे यंत्र बसवायचे, पाचेक दिवस थांबायचे, मग रोज १ मिमी, सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा, असा तो ताणायचा, आणि हवी तेवढी लांबी आल्यावर नवे हाड पक्के व्हायला दोन-तीन महिने द्यायचे. सांधा नंतर सोडवायचा. आधी सांधा सोडवला, तर ताणताना मागचा तुकडा मोकळ्या फटीत सरकतो आणि ताण वाया जातो. शिवाय श्वासाची अडचण तशीच राहते. अशा मुलाला दोन शस्त्रक्रिया आणि एक यंत्र लागते. दोन्ही टप्पे एकाच प्रस्तावात, यंत्रासह मंजूर व्हावेत. दुसरा प्रस्ताव ‘हेच निदान आधी भागवले आहे’ म्हणून अडकू नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्या गोष्टीकडे येतो.

व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. बरगडी लावली असेल तर साधारण दहा दिवस जबडा जपून, मग जोर. कृती साधी आहे. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून रबराने बांधायच्या. एक काडी सुमारे २ मिमी, म्हणजे पंधरा काड्यांना ३० मिमी. गठ्ठा दातांत धरायचा, मध्ये आणखी एक काडी सरकवायची, धरून ठेवायचे, सोडायचे. दिवसातून पाच-सहा वेळा, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. स्क्रूचा जबडा-उघडणी चिमटा असेल तर उत्तम. थेराबाइटसारख्या यंत्रांचा पाठ सातचा आहे, सात वेळा ताणायचे, दरवेळी सात सेकंद, दिवसातून सात वेळा. अर्धा तास आधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. दुधाचे पुढचे दात हलत असतील तर गठ्ठा दाढांवर ठेवायचा, नाहीतर दात हातात येतो आणि मूल पुन्हा तोंडाला हात लावू देत नाही.

हे सगळे करते कोण? आई. मूल रडते, ती थांबते. यात तिची चूक नाही. कुणी तिला आधी सांगितलेलेच नसते, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आतला व्रण आवळू लागतो आणि काल सहज गेलेली पंधरावी काडी आज जाणार नाही. तिला वाटते, ऑपरेशन बिघडले. ती काड्या बारावर आणते. पुढच्या आठवड्यात दहा. गाव लांब, एका दिवसाची मजुरी बुडवून बसभाड्याचे पैसे काढून फेरतपासणीला यायचे, आणि तिथे ओपीडीत कुणी पट्टी न लावताच ‘ठीक आहे, व्यायाम चालू ठेवा’ म्हणतो. कागदावर ‘ठीक आहे’ लिहिलेले असते आणि तोंड १८ मिमीवर आलेले असते. गमावलेले ५ मिमी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पकडले तर व्यायाम वाढवून परत मिळतात, फार तर थोडी भूल देऊन एकदा तोंड ताणावे लागते. सहा महिन्यांनी पकडले तर पुन्हा चाकू. आणि दुसऱ्या वेळी सगळेच अवघड असते: पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, मज्जातंतू व्रणात गुरफटलेला, कानशिलाचा स्नायू आधीच वापरून झालेला.

तेव्हा मागणी अशी. या पॅकेजची रक्कम दोन भागांत द्या. मोठा भाग शस्त्रक्रियेनंतर. राखून ठेवलेला भाग १, ३, ६ आणि १२ महिन्यांच्या फेरतपासणीच्या नोंदी आल्यावर. नोंद म्हणजे दातांमध्ये पट्टी धरलेला, आकडा वाचता येईल असा फोटो. आकडा वाईट आला म्हणून पैसे कापू नका, नाहीतर वाईट आकडे पाठवलेच जाणार नाहीत. नोंद आली की पैसे द्या. जबडा-उघडणी चिमटा औषधांसारखा पॅकेजमध्येच धरा आणि मुलाच्या हातात घरी जाऊ द्या. चार फेऱ्यांचे एसटीभाडे मुलाला व एका पालकाला द्या. आणि रुग्णालयात बसणाऱ्या तुमच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, एक काम वाढवा: पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक फोन, एकच प्रश्न, ‘आज किती काड्या?’ मागच्या आठवड्यापेक्षा तीन काड्या कमी, की लगेच बोलावणे. वर्षभराच्या फेरतपासणीचा खर्च एका पुन्हा-शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे किती आहे हे तुमच्याच दाव्यांच्या नोंदींतून काढता येईल.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमासाठीची मागणी त्याहून स्वस्त. २०१३पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत मध्यकर्णदाह आहे, दातांचे आजार आहेत, दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. तोंड किती उघडते, हे नाही. शाळेत वा अंगणवाडीत आलेल्या पथकाने मुलाला एवढेच सांगावे: तुझी स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी करून तोंडात घाल. गेली तर पुढचे मूल. दोनच गेली तर कानापुढे आपली बोटे ठेवून तोंड उघड-मीट करायला लावावे. सांधा सरकतो ते बोटाला कळते, न सरकणाराही कळतो. संशय आला की जिल्हा रुग्णालय. दहा सेकंदांचे काम आहे.

आणि अपघात कक्षात भिंतीवर चार ओळी हव्यात. हनुवटी फुटलेल्या प्रत्येक मुलाचे दोन्ही सांधे कानापुढे दाबून पाहा. तोंड मिटताना दात नीट जुळतात का पाहा. सांध्याचा अस्थिभंग असेल तर जबडा तारेने बांधून आठवड्याभराहून, फार तर दहा दिवसांहून जास्त ठेवू नका. तोंड हलवायला शिकवा आणि काही महिने दर महिन्याला मोजा. हाताचे हाड मोडले की प्लास्टर, ही सवय इथे उलटते.

प्रौढांबद्दल थोडक्यात. खर्रा, सुपारीने तोंड न उघडणारे रुग्ण, विशेषतः विदर्भातले, याच ओपीडीत येतात. त्यांचा सांधा बहुधा धड असतो. गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ, दोरीसारखी लागते. दोन्हींचे निदान आणि दोन्हींची पॅकेजेस वेगळी राहावीत. सांध्यातून नुसता ‘कट्’ आवाज येतो, दुखत नाही, त्याला काहीच करायचे नसते. दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांना मऊ आहार, शेक, रात्री दातांवर घालायची पट्टी पुरते. नाहीच पुरले तर दोन सुयांनी सांध्याचा वरचा कप्पा १०० ते २०० मिलि रिंगर लॅक्टेटने (सलाइनसारख्या द्रावणाने) धुणे, ही पुढची पायरी. पहिली सुई कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या कोपऱ्याकडे काढलेल्या रेषेवर १० मिमी पुढे, २ मिमी खाली. दुसरी २० मिमी पुढे, १० मिमी खाली. ही पायरी न चढता थेट सांधा उघडण्याचा प्रस्ताव आला, तर तो परत पाठवा.

वाढ पूर्ण झालेल्या, पुन्हा पुन्हा जखडलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम सांधा आहे: धातूचे डोके, घट्ट पॉलिथिलीनची खोबणी. सीटीवरून रुग्णाच्या मापाने केलेल्या अशा सांध्यांचा वीस वर्षांच्या आसपासचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आहे आणि तो आश्वासक आहे. पण याच सांध्याचा दुसरा इतिहासही आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीचे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे चकतीरोपण १९८३ साली बाजारात यायला मोकळे झाले. चावण्याच्या दाबाखाली त्याचा चुरा होऊ लागला, शरीराने त्या कणांवर हल्ला केला आणि त्या हल्ल्यात जबड्याचे डोके, कवटीचा तळसुद्धा झिजला. कंपनी १९९०मध्ये दिवाळखोरीत गेली, त्या वर्षअखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला, आणि मग कुणाच्या जबड्यात ते बसले आहे हे शोधत बसावे लागले. योजनेतून एकही कृत्रिम सांधा मंजूर करायचा असेल, तर त्याचा बॅच क्रमांक दाव्यासोबत घ्या, रुग्णाच्या कार्डावर लिहा, आणि बिघाड झाल्यास तो वैद्यकीय उपकरण दक्षता कार्यक्रमाला कळवणे रुग्णालयावर बंधनकारक करा.

फेरतपासणीसाठी छोटे कार्ड पुरेल, बँकेच्या पासबुकाएवढे. पहिल्या पानावर तीन आकडे: शस्त्रक्रियेआधीचे मिमी, टेबलावरचे मिमी, सुट्टीच्या दिवशीचे मिमी. आतल्या पानांवर बावन्न आठवड्यांच्या चौकटी, प्रत्येकीत काड्यांची संख्या आईने लिहायची. लिहिता येत नसेल तर काड्यांइतक्या रेघा मारायच्या. मागच्या पानावर कडेने छापलेली ५० मिमीची पट्टी, आणि ती ३० मिमीपाशी लाल. खाली आरोग्यमित्राचा फोन नंबर, ठळक अक्षरांत.

आपले,
मुख-जबडा शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट